गोड असणे आणि गोड लागणे

दरवर्षी 15 ऑगस्टच्या सकाळी पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिलबीची कढई मांडली जाते. झेंडावंदन उरकून आलेली माणसे तिच्याभोवती उभी राहतात आणि त्यांतली काही जण पाकाने ओलसर झालेले पुडके हातात घेऊन तशीच माझ्या औषधांच्या दुकानात येतात. त्या दिवशी काउंटरची काच कितीही पुसली तरी संध्याकाळपर्यंत चिकटच राहते. गेल्या वर्षी असेच एक गिऱ्हाईक आले. चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ बाजार समितीत भाजीपाल्याचा टेम्पो चालवतो. दारू सुटावी म्हणून मनोविकारतज्ज्ञांनी त्याला दोन महिन्यांपूर्वी नाल्ट्रेक्सोन हे औषध सुरू केले होते. त्याने पुडके काचेवर ठेवले, एका जिलबीचे वेटोळे मोडून तोंडात टाकले आणि मला विचारले, "ताई, ह्या गोळ्या दारूच्या आहेत का जिलबीच्या?" तो थट्टा करतो आहे असे मला आधी वाटले. "खरंच सांगतो," तो म्हणाला, "गोड आहे हे कळतंय, पण गोड लागत नाहीये."

(हे त्याला विचारूनच लिहीत आहे. नाव तेवढे घालू नका, असे तो म्हणाला.)

औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन मला 24 वर्षे झाली, पण मेंदूतील ओपिऑइड ग्राहींवरचा, म्हणजे अफूतल्या मॉर्फिनसारखी द्रव्ये जिथे बसतात त्या जागांवरचा, इतका नेमका शेरा मी पाठ्यपुस्तकातही वाचलेला नाही. गोड असणे हा पदार्थाचा गुण झाला आणि तो जीभ ओळखते. गोड लागणे ही मेंदूने त्यात घातलेली भर आहे. निरोगी स्वयंसेवकांना नाल्ट्रेक्सोन देऊन जे प्रयोग झाले, त्यांतही हाच फरक दिसला होता. पदार्थ किती गोड आहे हे त्यांना पूर्वीसारखेच सांगता येत होते, मात्र तो किती रुचकर वाटला याला त्यांनी दिलेले गुण खाली आले. आपल्या भाषेने 'असणे' आणि 'लागणे' ही दोन क्रियापदे आधीच वेगळी करून ठेवलेली असल्यामुळे टेम्पोचालकाला हे एका वाक्यात सांगता आले.

ग्राही म्हणजे इंग्रजीत ज्याला रिसेप्टर म्हणतात ते, पेशीच्या आवरणात बसलेले प्रथिन. त्याला एक खोबण असते आणि ठरावीक आकाराचा रेणू त्या खोबणीत बसला की पेशीच्या आत पुढची हालचाल सुरू होते. मॉर्फिन तिथे बसते आणि हालचाल घडवते. नाल्ट्रेक्सोनही तिथेच बसते, पण काहीच घडवत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ही 50 मिलिग्रॅमची गोळी जागा धरून ठेवते आणि ज्याला खरोखर बसायचे आहे तो उभाच राहतो. दारू प्यायल्यावर मेंदू स्वतःचीच मॉर्फिनसारखी काही द्रव्ये सोडतो आणि दारूच्या सुखातला मोठा वाटा त्यांचा असतो. नेमका तोच वाटा या गोळीने कापला जातो. दारू चढते, बोलणे अडखळते, तोल जातो, पण 'मजा' म्हणतात ती हवी तशी येत नाही. अमेरिकेत दारूच्या व्यसनावरील उपचारासाठी या औषधाला 1994 मध्ये मान्यता मिळाली.

पण मेंदूत मॉर्फिनसाठी जागा असावीच का, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून विलक्षण वाटत आलेला आहे. अफूच्या बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक गळतो त्यातून जर्मन औषधविक्रेता फ्रिडरिश झेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉर्फिन वेगळे काढले. औषधाच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या एका तरुणाने हे केले, याचा मला आमच्या धंद्यातला म्हणून थोडा अभिमानही आहे. त्याच बोंडातले दाणे म्हणजे आपली खसखस. दिवाळीत अनारसे तिच्यावर थापताना कोणी अफूचा विचार करत नाही आणि करण्याचे कारणही नाही, कारण मॉर्फिन चिकात असते, दाण्यात ते नावापुरते सापडते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने ही शेती होते आणि चीक नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. एका वनस्पतीचा चीक माणसाच्या मेंदूत इतका अचूक बसतो, याचा अर्थ ती जागा मुळात दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवलेली असली पाहिजे.

ती जागा खरोखर आहे हे 1973 मध्ये सिद्ध झाले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी नाल्ट्रेक्सोनचे भावंड असलेले नालोक्झोन किरणोत्सर्गी करून घेतले आणि उंदराच्या मेंदूच्या ऊतीत ते कुठे चिकटून राहते हे मोजून दाखवले. न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि स्वीडनचे लार्स टेरेनियस हेही त्याच वर्षी त्याच निष्कर्षावर पोहोचले. मग जिच्यासाठी ही जागा आहे ती वस्तू शोधण्याची शर्यत लागली आणि ती स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे संपली. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले आणि तोवर सत्तरी ओलांडलेले हान्स कॉस्टरलिट्झ आणि त्यांचे तरुण सहकारी जॉन ह्यूज यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंतून 1975 मध्ये अवघ्या 5 अमिनो आम्लांची साखळी असलेली दोन द्रव्ये वेगळी केली. त्यांना एन्केफॅलिन असे नाव मिळाले. पुढे 31 अमिनो आम्लांचे बीटा-एंडॉर्फिन आणि 1979 मध्ये डायनॉर्फिन यांची भर पडली. एंडॉर्फिन या शब्दाचा अर्थच 'आतले मॉर्फिन' असा आहे.

ॲबर्डीनच्या या जोडीने आपल्या अर्कात मॉर्फिनसारखा गुण आहे की नाही हे कशावर तपासले, ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. गिनीपिगच्या आतड्याचा छोटा तुकडा द्रावणात टांगायचा, त्याला विजेचा सौम्य झटका देऊन आकुंचन पावायला लावायचे आणि अर्काचा थेंब टाकल्यावर ते आकुंचन कमी होते का ते पाहायचे. आतड्यातही हेच ग्राही असतात, म्हणून तर मॉर्फिन घेणाऱ्याला बद्धकोष्ठ होते. जुलाब थांबवण्यासाठी माझ्या दुकानातून रोज खपणारी लोपेरामाइडची गोळीही मुळात ओपिऑइडच आहे. नेहमीच्या मात्रेत घेतलेले लोपेरामाइड मेंदूच्या सीमेवरून परत पाठवले जाते, एवढ्यामुळेच ती घेणाऱ्याचे जुलाब थांबतात आणि त्याला बाकी काही जाणवत नाही.

या ग्राहींचे म्यू, डेल्टा आणि कप्पा असे तीन मुख्य प्रकार आहेत. सुखाच्या संदर्भात सर्वांत जास्त अभ्यास झाला तो म्यूचा. 1996 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी म्यू ग्राहीचे जनुकच नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यावर मॉर्फिनचा वेदनाशामक परिणाम होईना, त्यांना मॉर्फिनची गोडी लागेना आणि त्याचे शारीरिक अवलंबनही दिसेना. सारा खेळ एकाच प्रथिनावर अवलंबून असल्याचा इतका स्वच्छ पुरावा औषधशास्त्रात क्वचितच मिळतो.

आता माझी एक तक्रार. हल्ली मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक उपदेशात डोपामिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारे एक रसायन, असते. रील पाहिली की डोपामिन, चॉकलेट खाल्ले की डोपामिन, आणि हे सर्व बंद करा म्हणजे डोपामिनचा उपवास घडेल. डोपामिनला आनंदाचे रसायन म्हणण्याची ही सवय इतकी पक्की झाली आहे की दुकानात येणारी शाळकरी मुलेही तो शब्द वापरतात. वास्तविक हे समीकरण डळमळीत होऊन तीन दशके उलटून गेली, आणि ते डळमळीत करण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांच्याकडे जाते.

त्यांची पद्धत समजायला आपले उष्टावण पुरेसे आहे. माझ्या भाचीच्या मुलीचे उष्टावण मागच्या मार्गशीर्षात झाले. चांदीच्या चमच्याने मामाने खिरीचा थेंब तिच्या ओठांना लावला, तेव्हा क्षणभर ती स्तब्ध झाली, मग तिची जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली आणि तिने दोन्ही ओठ चाटून घेतले. सगळे हसले. दोन महिन्यांनी त्याच मुलीला तापाचे कडू औषध पाजले तेव्हा तोंड वासून तिने ते गालावर सोडून दिले. गोडाला जीभ बाहेर काढून चाटणे आणि कडूला तोंड वासणे या प्रतिक्रिया मानवी बाळात, वानरांत आणि उंदरांतही दिसतात. उंदराला 'कसे लागले' असे विचारता येत नाही, पण त्याच्या जिभेची हालचाल चित्रित करून मोजता येते, आणि बेरिज यांनी तेच केले.

1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ पूर्ण नष्ट केले. हे उंदीर समोर अन्न असूनही खात नव्हते. नळीने भरवले नाही तर उपाशी मेले असते. डोपामिन म्हणजे आनंद असे असेल तर त्यांना साखर गोड लागायला नको होती. पण साखरेचे पाणी तोंडात सोडल्यावर ते उंदीर इतर उंदरांसारखेच जीभ काढून ओठ चाटत होते. त्यांना गोड लागत होते, फक्त ते हवेसे वाटत नव्हते. मग गोड लावणारे कोण, याचा शोध घेताना मेंदूच्या तळाशी असलेल्या न्यूक्लियस अक्युम्बेन्स या भागात म्यू ग्राहीला चेतवणाऱ्या द्रव्याचा सूक्ष्म थेंब सोडण्यात आला, तेव्हा त्याच साखरेला उंदीर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा ओठ चाटू लागले. गंमत अशी की ही वाढ त्या भागात सर्वत्र होत नाही. 2005 मध्ये जी जागा नकाशावर निश्चित झाली ती जेमतेम एक घन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या बारीक दाण्याएवढी आहे. त्याच द्रव्याचा थेंब दाण्याच्या बाहेर, शेजारी सोडला तर उंदीर खातो पुष्कळ, पण त्याला ते जास्त गोड लागत असल्याची खूण त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. तेव्हा ओपिऑइड ग्राही फक्त गोडीचे आणि डोपामिन फक्त ओढीचे अशी सरळ वाटणी मानणेही चुकीचे ठरेल. हेच ग्राही एका ठिकाणी गोडी वाढवतात आणि बोटभरही नसलेल्या अंतरावर हाव वाढवतात.

ओढीकडे जाणारा त्यांचा दुसरा रस्ता मध्यमेंदूतून जातो. तिथे डोपामिन बनवणाऱ्या पेशींना सतत दाबून धरणाऱ्या छोट्या पेशी असतात आणि म्यू ग्राही त्या दाबणाऱ्या पेशींवर बसलेले असतात. मॉर्फिन आले की त्या गप्प होतात आणि डोपामिनचा प्रवाह आपोआप मोकळा होतो; 1992 मध्ये हे पेशींच्या पातळीवर दाखवण्यात आले. नाशिककरांना हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. गंगापूर धरणाचे पाणी कोणी ढकलत नाही, दरवाजा उचलला जातो, आणि काही तासांनी आपण रामकुंडावर जाऊन गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की गळ्याला, एवढेच पाहतो.

माझ्या सासऱ्यांना अखेरची सहा वर्षे पार्किन्सन होता, म्हणजे डोपामिन बनवणाऱ्या पेशी नाहीशा होत जाण्याचा आजार. ते ओट्यावरच्या खुर्चीत तासन्‌तास बसून असत. चहा हवा का विचारले तर मान हलवून नको म्हणत, समोर ठेवलेला कप निवून त्यावर साय धरली तरी हात पुढे येत नसे. सासूबाईंना याचा राग येई. एवढे आवडीने आले घालून करावे आणि यांना त्याचे काही नाही, असे त्या म्हणत. एकदा मी बशीत ओतून चहा त्यांच्या ओठांशी धरला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या घोटासाठी ओठ पुन्हा बशीकडे आले. पार्किन्सनच्या रुग्णांना साखरेची द्रावणे चाखायला देऊन केलेल्या अभ्यासांत त्यांची गोडाची आवड निरोगी माणसांइतकीच आढळली आहे. हे मी नंतर वाचले आणि सासूबाईंना वाचूनही दाखवले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या संध्याकाळपासून बशी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

याच्या नेमके उलटे मी काउंटरवर पाहिले आहे. ट्रामाडॉल हे ओपिऑइड वेदनाशामक एप्रिल 2018 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. त्याआधीच्या वर्षांत विशीतला एक मुलगा मळकट, घडी फाटलेली चिठ्ठी घेऊन वरचेवर येई. मी एकदा त्याला देण्यास नकार दिला तेव्हा तो भांडला नाही, पायरीवर बसला आणि म्हणाला की आता याने काही होत नाही, बरेही वाटत नाही, पण घेतल्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. ग्राहींवर सतत मारा झाला की पेशी त्यांचा प्रतिसाद कमी करते, तीच मात्रा अपुरी पडू लागते. गोडी आटत जाते आणि ओढीची यंत्रणा मात्र त्या वस्तूच्या नुसत्या आठवणीने, पाकिटाच्या आवाजानेसुद्धा, अधिकाधिक उसळू लागते. टेरी रॉबिन्सन आणि बेरिज यांनी 1993 मध्ये मांडलेल्या व्यसनाच्या उपपत्तीचे सार हेच आहे. आपल्याकडे अशा माणसाला 'त्याला मजा मारायची सवय लागली' असे म्हणतात, आणि ते मला अन्यायाचे वाटते, कारण मजा तर सर्वांत आधी निघून गेलेली असते.

कप्पा ग्राहीचे काम बहुतांशी उलट दिशेचे आहे. ताणाच्या वेळी सुटणारे डायनॉर्फिन त्यावर बसले की डोपामिन कमी होते आणि मन खिन्न, उदास होते. व्यसन तुटताना येणाऱ्या त्या पिळवटून टाकणाऱ्या अस्वस्थतेत त्याचा हात असतो.

म्यूकडे परत येते, कारण त्याचे एक काम जिभेच्या फार पलीकडचे आहे. हा ग्राही नसलेली उंदरांची पिल्ले आईपासून दूर केली तर इतर पिल्लांपेक्षा फार कमी रडतात आणि आईच्या अंथरुणाच्या वासाकडे इतरांसारखी ओढली जात नाहीत, असे 2004 मध्ये दिसून आले. आईची ऊब गोड लागण्यासाठी जे लागते तेच बाहेरून चिकाच्या, गोळीच्या किंवा बाटलीच्या रूपाने मिळू लागल्यावर घरातली माणसे फिकी का पडतात, याचे थोडे उत्तर मला या पिल्लांत दिसते. अर्थात उंदरावरून माणसाच्या संसाराविषयी बोलताना जपून बोलावे हे खरेच.

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी धावणाऱ्या माझ्या मैत्रिणी 'एंडॉर्फिन मिळाले' असे म्हणतात, त्यांच्यासाठी इथे दोन वाक्ये. धावल्यावर रक्तात वाढणारे बीटा-एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. दमछाक करणाऱ्या व्यायामात मेंदू स्वतःची ओपिऑइडे सोडतो असे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसले आहे, पण 2021 मध्ये धावपटूंना नाल्ट्रेक्सोन देऊन पाहिले तेव्हाही त्यांचा धावण्यानंतरचा उल्हास टिकून राहिला. म्हणजे त्या उल्हासाचे मालक एकटे एंडॉर्फिन नाही.

टेम्पोवाल्याला मी त्या दिवशी यातले फार थोडे सांगितले. दारूची आणि जिलबीची गोडी मेंदूत काही अंतर एकाच वाटेने जाते आणि गोळी त्या वाटेवर उभी आहे, एवढे म्हटले. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्या प्रत्येकाची खाण्यापिण्यातली, गाण्यातली रुची जाते असे नाही, पुष्कळांची टिकून राहते, हेही सांगितले, आणि गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलण्यास बजावले. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध किंवा ट्रामाडॉल घेतो का, हे मी त्याला सुरुवातीलाच विचारले होते. शरीरात ओपिऑइड असताना ही गोळी पोटात गेली तर तोच रुमाल बसलेल्यांना उठवून जागा घेतो आणि माणूस काही मिनिटांत तडफडू लागतो, म्हणून आधी 7 ते 10 दिवस मोकळे जावे लागतात. तो म्हणाला, "नाही ताई, आपलं व्यसन एकच."

यंदाच्या 26 जानेवारीला तो पुन्हा आला. कढई तिथेच होती, काच चिकट होती. पुडके या वेळी मोठे होते, मुलांसाठी घेतले म्हणाला, पण एक जिलबी त्याने तिथेच उभ्या उभ्या संपवली आणि बोटांचा पाक चाटला. "आज जरा लागली," तो म्हणाला. मी हसले, पण हात सवयीने संगणकाकडे गेला. मागचे बिल 28 डिसेंबरचे होते, 3 पाकिटे, 30 गोळ्या. मी मनात दिवस मोजत होते हे त्याने ओळखले असावे. त्याने खिशातून रिकामे पाकीट काढून काचेवर ठेवले. शेवटची गोळी त्याच सकाळी घेतलेली होती.